हवेत गेलेलं पाणी नदीला परत कसं द्यायचं? (कोलोरॅडोतल्या खडीच्या खाणी)

पाणकणीस

नमस्कार मंडळी. आम्ही ग्रीलीजवळ राहतो, कोलोरॅडोत. साउथ प्लॅट नदीच्या दोन्ही काठांनी इथे वाळू-खडीच्या खाणी आहेत. डेन्व्हर आणि आजूबाजूच्या गावांत जे काँक्रीट ओतलं जातं, त्यातली बरीचशी खडी या नदीकाठच्या गोट्यांतूनच येते. खोदकाम संपलं की मागे तळी उरतात.

आता घराजवळ एक नवी खाण येऊ घातली आहे. अर्जाची जाहीर सूचना आली म्हणून कागद मागवले. ट्रकची वर्दळ, धूळ, आवाज हे सगळं असणार हे माहीत होतं. पण त्यात एक मोठं प्रकरण फक्त बाष्पीभवनावर आहे! खड्ड्यात जे तळं उघडं पडेल त्यातून जितकं पाणी उडून जाईल, तितकं कंपनीने नदीला परत द्यायचं आणि त्याचा महिन्याचा हिशेब सरकारला द्यायचा.

मला हा नियम मनापासून पटला. पण दोन गोष्टी कळत नाहीत. उडून गेलेलं पाणी मोजतात कसं आणि परत देतात म्हणजे आणतात कुठून? दुसरं, खडी संपली, कंपनी निघून गेली, तळं तर तिथेच राहणार. मग पुढे कोण देणार? इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा. सूचनेवर लेखी म्हणणं द्यायची मुदत जवळ आली आहे.

चिंगी

वाचनखूण साठवली. पहिल्यांदाच ऐकतेय हे.

खडीक्रशर

माझा मोशीच्या बाजूला दगडखाणीचा व्यवसाय आहे, म्हणून लिहितो. जुन्या खाणीत पाणी साचतं, उन्हाळ्यात टँकरवाले नेतात, कोणी विचारत नाही. सूर्याने पाणी ओढलं त्याची वसुली खाणवाल्याकडून कशी काय? धरणातून वाफ होत नाही का? नदीतून होत नाही का? आधीच रॉयल्टी, पर्यावरण मंजुरी, स्फोटकांचे परवाने. त्यात वाफेचं बिल आलं तर घर बांधणाऱ्यालाच ते भरावं लागेल.

डोह

@पाणकणीस, मी डेन्व्हरमध्ये याच कामात आहे, खाणींचे पाण्याचे हिशेब तयार करतो. जरा सविस्तर लिहितो, @खडीक्रशर यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

मोशीची खाण काळ्या कातळात आहे. तिथे साचतं ते मुख्यतः पावसाचं आणि भेगांतून झिरपलेलं पाणी. साउथ प्लॅटच्या काठी कातळ नाही, नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेला वाळू-गोट्यांचा थर आहे, कुठे २० फूट तर कुठे ५० फूट. हा थर पाण्याने भरलेला असतो आणि ते पाणी हळूहळू नदीकडेच सरकत असतं. जमिनीखाली असेपर्यंत त्याला ऊन लागत नाही. वरची खडी काढली की तेच पाणी उघड्यावर येतं आणि तिथून पुढे रोज उडायला लागतं. जेवढं उडालं तेवढं नदीत पोचत नाही. नदी कमी भरते आणि ज्याचा हक्क त्या पाण्यावर होता तो खालच्या अंगाचा शेतकरी कोरडा राहतो. नदीतूनही वाफ होते हे खरं, पण ती आधीपासून होत होती आणि सगळ्यांचे हक्क ती जमेस धरून ठरले आहेत. हे नवं तळं कोणीतरी नफ्यासाठी खोदलं आहे.

आता मोजमाप. तळ्यातून प्रत्यक्ष किती उडालं ते कोणी मोजत बसत नाही. अमेरिकी हवामान खात्याने १९८२ साली छापलेले बाष्पीभवनाचे नकाशे आहेत, त्यावरून त्या जागेचा वर्षाचा आकडा घ्यायचा. आमच्या पट्ट्यात तो साधारण ४५ इंच येतो. त्यातून सरासरी पावसाचा ७० टक्के भाग वजा करायचा. पाऊस १४ इंच धरला तर वजावट जेमतेम १० इंच. उरले ३५ इंच. हा आकडा महिन्यांत वाटायचा: जानेवारीला ३ टक्के, जूनला साडेचौदा, जुलैला १५. तळं गोठलेलं असेल तेव्हाचं धरत नाहीत.

२० एकराचं तळं असेल तर वर्षाला सुमारे ५९ एकर-फूट. आपल्या मापात सव्वासात कोटी लिटर. हे दरवर्षी, आणि तळं आहे तोवर.

बाष्पीभवनाशिवाय धुतलेल्या खडीबरोबर ओल जाते, तीही धरतात, वजनाच्या ४ टक्के. धूळ बसवायला रस्त्यावर मारलेलं पाणी वेगळं.

निवृत्त_उपअभियंता

उत्तम प्रतिसाद. आमच्या खात्यात धरणाच्या हिशेबात बाष्पीभवन असा रकानाच असे आणि तो वर्षअखेरी भरून टाकायचा अशी रीत होती. मराठवाड्यात मे महिन्यात बाष्पीभवन मोजायच्या पात्रातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटर किंवा जास्तही उतरतं. जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयात त्याचं किती होत असेल बघा. पण त्या रकान्यासमोर कोणाचंही नाव नसे. त्यांच्याकडे नाव आहे, मोठा फरक तोच वाटतो.

जुलैचे १५ टक्के म्हणजे पावणेसात इंच, दिवसाला साडेपाच मिलिमीटर. मोकळ्या पाण्याला हा आकडा वाजवी आहे.

कलमदान

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटून येत नाही. ज्याने आधी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी, हे तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेतच आहे. नदीत पाणी कमी पडलं की जुना हक्कदार ‘कॉल’ लावतो आणि त्याच्यानंतरच्या हक्काचे सगळे थांबतात. साउथ प्लॅटवर १८६० च्या दशकातले हक्क आजही चालू आहेत. खाणीचं तळं १९९० नंतरचं असेल तर रांगेत सगळ्यात शेवटी.

खाणवाल्यांचं म्हणणं पूर्वी @खडीक्रशर यांच्यासारखंच होतं: आम्ही पाणी वापरत नाही, आम्ही खडी काढतो. १९८८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थ्री बेल्स रँचच्या खटल्यात सांगितलं की भूजल उघडं पाडणारा खड्डा ही विहीरच आहे, तिला विहिरीसारखाच परवाना लागेल. लगेच १९८९ साली विधिमंडळाने कायदा केला. त्यात भरपाईची योजना सक्तीची झाली, पण १९८० संपण्याआधी उघडी पडलेली तळी बाष्पीभवनाच्या भरपाईतून सोडून दिली. म्हणजे जुन्यांना माफी, नव्यांना वसुली. ही माफी मला आजही अन्यायाची वाटते. पाणी तर जुन्या तळ्यातूनही तेवढंच उडतं.

मोरपंखी

@पाणकणीस, तुमच्या ग्रीलीनेच तर हे सगळं सुरू केलं! १८७४ च्या दुष्काळात वरच्या अंगाला असलेल्या फोर्ट कॉलिन्सने पूडर नदीचं पाणी वळवलं आणि ग्रीलीचे कालवे आटले. ग्रीलीकर म्हणाले, आम्ही १८७० मध्येच कालवा काढलाय, आमचा हक्क आधीचा. त्या भांडणातून दोनच वर्षांनी घटनेतलं ते कलम आलं. मी फोर्ट कॉलिन्सची, त्यामुळे आमची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे: गाव आमचं वर आहे, पाणी आधी आम्हाला दिसतं.

अवांतर: इथे छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायलाही २०१६ पर्यंत सर्वसाधारण घरांना परवानगी नव्हती. आता दोन पिंपं, मिळून ११० गॅलन.

पाणकणीस

@मोरपंखी, पाणी दिसणं आणि हक्क असणं यात फरक आहे, हेच तर कोर्ट सांगतं. :)

@डोह, खूप आभार. आकडा कळला. आता पाणी आणतात कुठून ते सांगा ना.

खडीक्रशर

आणायची गरजच काय? उडूच देऊ नका. लॉस एंजेलिसमध्ये २०१५ साली जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. तेच इथे करा.

निवृत्त_उपअभियंता

ते चेंडू मुख्यतः पाण्याच्या शुद्धतेसाठी होते. ऊन लागून क्लोरीन आणि ब्रोमाइडपासून घातक संयुग बनत होतं, ते थांबवायला. पुढे २०१८ मध्ये अभ्यास आला की दुष्काळाच्या त्या काळात जेवढं पाणी वाचलं त्याहून जास्त ते प्लास्टिक बनवण्यात खर्च झालं. आपल्याकडे पाण्यावर सेटाईल अल्कोहोलचा (मेणासारखा पदार्थ) थर पसरण्याचे प्रयोग झाले आहेत. वारा सुटला की थर एका काठाला जाऊन बसतो. कोलोरॅडोच्या सपाटीवरचा वारा ऐकून आहे, तिथे तो तासभरही टिकणार नाही.

डोह

पाणी आणायच्या वाटा तीन-चार आहेत. एखाद्या शहराकडून प्रक्रिया केलेलं सांडपाणी भाड्याने घ्यायचं. वरच्या धरणातून सोडवून घ्यायचं. हिवाळ्यात, कॉल नसताना, नदीचं पाणी मुरवण तलावात सोडायचं. ते वाळूतून सरकत सरकत उन्हाळ्यात नदीला मिळतं, किती दिवसांनी मिळेल ते १९५४ च्या ग्लोव्हरच्या सूत्राने काढतात. आणि चौथी वाट, कालव्याच्या कंपनीतले शेतकऱ्याचे शेअर (शेअरमागे कालव्याच्या पाण्याचा वाटा मिळतो) विकत घ्यायचे.

भरपाई योग्य वेळी, योग्य जागी आणि पूर्ण मापात व्हावी लागते. जुलैचं पाणी डिसेंबरला देऊन चालत नाही. कॉल ज्या जागेवरून लागला त्याच्या खाली पाणी सोडूनही चालत नाही. या नदीवर नेब्रास्काशी १९२३ चा करारही आहे: १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर ज्यूल्सबर्गला १२० क्युसेक्सच्या खाली प्रवाह गेला की १४ जून १८९७ नंतरच्या काही हक्कांवर टाच येते.

सासवडकर

शेअर विकत घेतात, म्हणजे शेतकऱ्याच्या शेताचं काय होतं?

डोह

कोरडं पडतं. त्या जमिनीला पुन्हा पाणी द्यायचं नाही अशी अट असते. आणि कालव्यातून घेतलेलं सगळं पाणी मोजत नाहीत, पिकाने खरोखर शोषलेलं तेवढंच. बाकीचं मुरून नदीला जातच होतं. इथल्या मक्याला एकरी दीड-दोन फूट धरा. म्हणजे २० एकराच्या तळ्यासाठी तीस-चाळीस एकर मका कायमचा बंद.

सासवडकर

हे वाचून सुन्न झालो. म्हणजे नदी पूर्ण होते, खालचा हक्कदार खूश होतो, कागद बरोबर येतो, आणि मधल्यामध्ये चाळीस एकर पीक जातं. ज्याने शेअर विकले त्याला पैसे मिळाले असतील. पण त्याच्याकडे कामाला येणारे, त्याच्या गावातलं दुकान, त्याच कालव्यावरचे बाकीचे शेतकरी? कालवा साफ ठेवायचा खर्च आता कमी लोकांत वाटला जाणार. @पाणकणीस, तुम्हाला नियम पटला, मला अर्धाच पटला.

आमच्याकडे २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. योजना पावसाच्या पाण्यासाठी होती आणि ज्यांनी तशी वापरली त्यांना डाळिंबाच्या बागा जगवता आल्या. पण अनेकांनी अस्तर टाकून बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखाली थंड, झाकलेलं पाणी वर काढून मार्च-एप्रिलच्या उन्हात ठेवायचं. शेजारच्या विहिरी आटल्या की म्हणायचं यंदा पाऊस कमी. तुमच्या खाणीसारखंच आहे हे, फक्त आमच्याकडे हिशेब कोणी मागत नाही. २००९ चा भूजल कायदा आहे, गावात त्याच्याबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

आंबेमोहोर

+१ सासवडकर. नगर जिल्ह्यात माहेर आहे, हेच चित्र.

खडीक्रशर

@सासवडकर, शेततळं नसतं तर बागा जळाल्या असत्या हेही खरं आहे. प्रत्येक गोष्टीला वसुली लावली तर करायचं काय माणसाने? आणि खडी नको तर घरं कशाने बांधणार? लांबून ट्रकने आणायची? त्याचा धूर कोण मोजणार? नदीकाठी खाण असण्याचं कारण तिथे माल चांगला आणि बाजार जवळ, हे आहे.

सासवडकर

खडी नको कोणी म्हटलं नाही. खड्डा बुजवून द्या म्हणतोय.

डोह

बुजवणं हा एक मार्ग आहेच. भूजलाच्या पातळीच्या वर येईपर्यंत भर घातली की उघडं पाणी संपलं, बाष्पीभवनाची जबाबदारी संपली. पण तेवढी माती आणायची कुठून? म्हणून इथे जास्त चालतो तो दुसरा उपाय, खड्ड्याला अस्तर.

एका कामावर मी ते जवळून पाहिलं आहे. खोदायच्या आधीच जागेच्या चारी बाजूंनी तीनेक फूट रुंद खंदक घेतात, लांब हाताच्या पोकलेनने, थेट खालच्या शेल खडकात टेकेपर्यंत. खंदक मोकळा ठेवला तर वाळू ढासळेल, म्हणून त्यात बेन्टोनाईट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) कालवलेलं पाणी भरतात, राखाडी, दाट ताकासारखं. बादली त्या रबडीत बुडते, दिसेनाशी होते, आणि चालकाला नुसत्या हाताच्या अंदाजाने तळ शोधावा लागतो. शेजारी एक माणूस वजन बांधलेली दोरी सोडून सतत खोली मोजत असतो. खाली शेलचा निळसर-करडा तुकडा बादलीत आला की खूण करतात. मग तीच माती बेन्टोनाईटमध्ये मळून खंदकात परत भरतात. झाली न पाझरणारी भिंत. आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्यात खडी काढायची.

शेवटी ९० दिवसांची गळती चाचणी होते. त्यात पास झालं की खड्डा भूजलापासून तुटला असं मानतात, मग ती विहीर राहत नाही. आणि अशी तळी शहरं साठवणीसाठी घेतात, डेन्व्हर, थॉर्नटन, ऑरोरा सगळ्यांकडे आहेत. खाणवाल्याला खडीपेक्षा रिकाम्या खड्ड्याचे पैसे जास्त मिळाल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात ऐकायला मिळतात.

खडीक्रशर

हे आवडलं. खड्ड्याला भाव!

मोरपंखी

पण या अस्तराच्या तळ्यांवर पक्षी येत नाहीत फारसे. पाण्याची पातळी खालीवर होत राहते, काठ उभा, दगडी, बोरू-लव्हाळं काही रुजत नाही. जुन्या, माफी मिळालेल्या तळ्यांवर जाऊन बघा, उन्हाळ्यात पांढरे पेलिकन, बगळे, पाणकोंबड्या. @कलमदान ज्या तळ्यांवर रागावलेत त्याच तळ्यांवर सगळं जिवंत आहे. तेवढं पाणी गेलं तर जाऊ दे असं मला वाटतं.

कलमदान

पेलिकनवर राग नाही. पण त्या पाण्याची भरपाई खालच्या शेतकऱ्याने का करायची? समाजाला पक्षी हवे असतील तर समाजाने पाणी विकत घेऊन द्यावं.

आंबेमोहोर

नवरा आणि मी लाँगमाँटच्या बाहेर राहायचो तेव्हाचा अनुभव. शेजारच्या खाणीने उपसा सुरू केला आणि आमच्या घरच्या विहिरीचा पंप हवा ओढायला लागला. आधी गढूळ पाणी, मग नळाला नुसती फुसफुस. कंपनीने महिनाभर बाटल्या आणि टाकीचं पाणी दिलं, पण विहीर खोल करायचा खर्च कोणाचा यावर वर्ष गेलं. कागदावर नदीची भरपाई चोख चालली होती! नदीला पाणी मिळालं, शेजाऱ्याला नाही. @पाणकणीस, तुमच्या घराला विहीर असेल तर आधी पातळी मोजून, तारीख टाकून, कोणा तिसऱ्याकडून लिहून घ्या.

डोह

अगदी महत्त्वाचा मुद्दा. अस्तराची भिंत उभी राहिल्यावरही हे होतं. वाहतं भूजल अडतं, वरच्या बाजूला पातळी चढते, तळघरात ओल येते, खालच्या बाजूला विहिरी उतरतात. नदीकाठी अशा चार-पाच भिंती ओळीने झाल्या की परिणाम वाढतो. आणि पूर आला तर? सप्टेंबर २०१३ मध्ये सेंट व्रेन नदीने लायन्स ते लाँगमाँट पट्ट्यात खाणींच्या तळ्यांचे बांध फोडले, पात्रच बदललं. बाष्पीभवनाचा हिशेब नीट आहे म्हणून बाकी सगळं नीट आहे असं समजू नये.

चिंगी

पाणकणीसताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. कंपनी गेल्यावर कोण?

कलमदान

त्याचं उत्तर अर्जातच शोधावं लागतं. सहसा सुरुवातीला राज्याच्या जल अभियंत्याकडून तात्पुरती पर्यायी पाणीपुरवठा योजना मंजूर होते, ठराविक मुदतीची, पुन्हा पुन्हा नूतनीकरण करायची. तळं उघडंच राहणार असेल तर अखेरीस जल न्यायालयातून कायमची योजना घ्यावी लागते. तुमच्या खोऱ्याचं न्यायालय ग्रीलीतच आहे. खाण परवाना देणारा विभाग वेगळा, तो खाणीनंतर जमीन पुन्हा नीट करण्यासाठी हमीची रक्कम ठेवून घेतो. २०१० पासून त्या हमीत भूजल उघडं पडल्याची बाजूही धरायला लागले: एकतर अस्तराचा किंवा बुजवण्याचा खर्च भरून ठेवा, नाहीतर कायमचं पाणी दाखवा.

हे सैल सोडलं तर काय होतं ते विहिरीवाल्यांनी पाहिलंय. तात्पुरत्या योजनांवर वर्षानुवर्षं चाललेल्या ४०० हून अधिक सिंचन विहिरी मे २००६ मध्ये ऐन हंगामात बंद झाल्या, कारण भरपाईचं पुरेसं पाणीच हाताशी नव्हतं. पेरणी झालेली होती.

पाणकणीस

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद पुन्हा वाचले. आमच्या खाणीला अस्तर नाही. शेवटी ‘वन्यजीव आणि मनोरंजनासाठी तळं’ असं लिहिलंय, सुमारे २० एकर. भरपाईसाठी एका गावाचं सांडपाणी पाच वर्षांच्या भाडेकराराने घेतलंय. खोदकाम मात्र त्याच्या कितीतरी पट चालणार आहे, आणि तळं तर त्यानंतरही. सहाव्या वर्षाबद्दल एक ओळ नाही. हे मला अजिबात मान्य नाही आणि तसं मी लिहिणार आहे. तळं ठेवायचं तर त्याचं पाणी आजच कायमचं बांधून दाखवा, नाहीतर बुजवायचा खर्च हमीत धरा.

@सासवडकर, तुमचं म्हणणं मला पटलं. कायमचं पाणी म्हणजे पुढे कोणाचं तरी शेत असेल, तर ते कुठलं हेही अर्जात आलं पाहिजे असं लिहीन.

डोह

बरोबर पकडलंत. आणखी दोन गोष्टी घाला. एका वेळी किती एकर पाणी उघडं राहील याची कमाल मर्यादा वर्षवार लिहून मागा, आणि भाडेकरार संपला व नवा झाला नाही तर खोदकाम थांबेल अशी अट मागा. उपसा थांबल्यावर खड्डा पहिल्यांदा भरतो, ते पाणीही नदीचंच असतं. त्याची भरपाई धरली आहे का ते तक्त्यात बघा, तिथे बऱ्याचदा शून्य असतं. शेजारच्या जुन्या खाणींचे परवाने आणि हिशेब जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खाणीचा मागचा हिशेब काढून जोडलात तर वजन पडेल.

आंबेमोहोर

आणि विहिरीची पातळी!

मोरपंखी

सुनावणी कधी आहे ते कळवा. मी आणि विद्यापीठातल्या दोघी-तिघी येऊ.

खडीक्रशर

@डोह, एक कामाचा प्रश्न. माझी एक खाण संपत आली आहे, दोन-अडीच एकराचा खड्डा. बेन्टोनाईट कच्छमधून सहज मिळतं. पावसाचं पाणी त्यात धरून उन्हाळ्यात गावाला द्यायचं म्हटलं तर तळाला असं अस्तर बसेल का? बेसाल्ट आहे, एका कोपऱ्यात भेगा आहेत.

निवृत्त_उपअभियंता

भिंतीची गरज नाही तुम्हाला. भेगांचा कोपरा आधी साफ करून ग्राउटिंग करा (भेगांत सिमेंटची पातळ रबडी दाबून भरा) आणि एक पावसाळा पट्टी लावून पातळीची नोंद ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर किती उतरते त्यावर पुढचं ठरेल. आणि शक्य असेल तर खड्डा पसरट करू नका, खोलच ठेवा. फोटो टाका, बघून सांगतो.